जुनी मोटारसायकल पुन्हा रस्त्यावर: आधी कागद, शेवटी रंग

पन्नाशी उलटली, जबाबदाऱ्या थोड्या कमी झाल्या आणि कॉलेजात चालवलेली गाडी पुन्हा चालवावीशी वाटते आहे. जरूर चालवा. मात्र ताडपत्रीखालची येझदी किंवा ओएलएक्सवर दिसलेली आरएक्स थेट गॅरेजला टाकू नका. या कामात पैसे बुडतात ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. आधी रंग आणि क्रोम होते, मग इंजिन उघडते, आणि शेवटी आरटीओत कळते की गाडी नावावर होणारच नाही. क्रम असा ठेवा: लायसन्स, कागद, ब्रेक-टायर, इंजिन, वायरिंग, आणि सर्वांत शेवटी रंग.

साधारण हिशेब असा. कागद पूर्ण असलेल्या १०० सीसी टू-स्ट्रोक गाडीला गॅरेजचा खर्च ४० ते ७५ हजार. येझदी किंवा कास्ट आयर्न बुलेटला ७० हजार ते दीड लाख. सरकारी शुल्क आणि विमा मिळून साडेपाच-सहा हजार, पण उशीर झाला असेल तर हा आकडा कितीतरी वाढतो. वेळ तीन ते सहा महिने. गॅरेजचे दर पुणे-कोल्हापूरकडचे, अंदाजाचे आहेत. तुमच्या गावी थोडेफार कमीजास्त होतील.

आधी तुमचे लायसन्स

लायसन्स काढून दोन गोष्टी पाहा: मुदत आणि वर्ग. गिअरच्या मोटारसायकलसाठी 'एमसीडब्ल्यूजी' ही नोंद हवी. फक्त कारची नोंद असेल तर दुचाकीसाठी शिकाऊ लायसन्स आणि चाचणी असा पूर्ण मार्ग धरावा लागेल.

मुदत संपायच्या आधी एक वर्ष आणि संपल्यानंतर एक वर्ष, या काळात नूतनीकरण होते. संपून वर्ष उलटले असेल तर चाचणी पुन्हा द्यावी लागते आणि उशिराचे शुल्क वेगळे. वयाच्या ५० ते ५५ दरम्यान नूतनीकरण केले तर लायसन्स साठीपर्यंत चालते. ५५ नंतर दर वेळी पाच वर्षे. नूतनीकरणाच्या अर्जासोबत डॉक्टरांनी भरलेला फॉर्म १-अ लागतो. डोळे तपासून मगच डॉक्टरांकडे जा. चष्म्याचा नंबर बदललेला असतो आणि रात्री गाडी चालवताना तो जाणवतो.

जुने पुस्तकी लायसन्स असेल तर ते 'सारथी' प्रणालीत चढलेले आहे का, हे आधी पाहा. नसेल तर ज्या आरटीओने ते दिले, तिथे जाऊन नोंद चढवून घ्यावी लागते. यात दोन-तीन फेऱ्या जातात. गाडी गॅरेजमध्ये असताना हे काम उरकून टाका.

गाडीचे कागद: पाना आणण्याआधी

आरसी बुक हातात घ्या आणि चार ओळी वाचा.

*मालकाचे नाव.* तुमचे आहे का? वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागते. बहीण परदेशात असेल तर तिची सही आणायलाच महिना जातो. ते आधी सुरू करा. दुसऱ्याकडून घेत असाल तर फॉर्म २९ आणि ३०. मोटारसायकल नावावर करण्याचे मूळ शुल्क १५० रुपये आहे. एजंट या कामाचे चार-पाच हजार सांगत असेल तर सरकारी पावती किती आणि त्याची मजुरी किती, हे वेगळे लिहून घ्या.

*बोजा.* गाडी कर्जावर घेतली असेल तर आरसीवर बँकेचे किंवा पतसंस्थेचे नाव असते. कर्ज फिटून तीस वर्षे झाली तरी ती नोंद आपोआप जात नाही. फॉर्म ३५ वर बँकेची सही लागते. ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर आता ज्या बँकेत गेली तिच्याकडून पत्र आणावे लागते. सर्वांत जास्त वेळ खाणारे काम हेच.

*मुदत.* खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणली तर ती कायद्याने बिननोंदणीची ठरते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळते.

*इंजिन आणि चेसिस नंबर.* टॉर्च घ्या, चेसिसवरचा नंबर शोधा, पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासा. उमटलेले आकडे बुकाशी एकेक करून जुळवा. आकडे एका ओळीत आहेत का, एकाच खोलीचे आहेत का, आजूबाजूचे लोखंड घासलेले आहे का, हे बोटाने चाचपा. शंका आली तर गाडी सोडा. पन्नास हजार घातल्यावर आरटीओत नंबर जुळला नाही, तर ते पैसे परत मिळत नाहीत आणि चोरीच्या गाडीची चौकशी तुमच्या दारात येते.

तीन अक्षरांच्या जुन्या नंबरच्या गाड्यांची नोंद पुष्कळदा 'वाहन' प्रणालीत नसते. मोबाइलवर नंबर टाकून पाहा. माहिती दिसली नाही तर मूळ आरटीओतून ती आधी चढवून घ्या. त्याशिवाय पुढचा एकही अर्ज भरता येणार नाही. महाट्रॅफिकवर जुने ई-चलनही बघा. विकणाऱ्याचा दंड तुमच्या गळ्यात पडायला नको.

आरटीओत किती पैसे लागतील

नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म २५ वर, परिवहनच्या संकेतस्थळावरून. वेळ घेऊन गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. म्हणजे तोवर ब्रेक, दिवे, हॉर्न, आरसे आणि टायर ठीक हवेत. पत्र्याचा रंग उडालेला चालतो.

- नूतनीकरण: २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारसायकलला २,००० रुपये (ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार), १५ ते २० वर्षांच्या गाडीला १,०००. स्मार्ट कार्डचे २०० आणि तपासणीचे शुल्क त्यावर.
- उशीर: दर महिन्याला ३००. तीन वर्षांचा उशीर मोजला गेला तर १०,८०० रुपये. हा आकडा अर्ज भरताना पडद्यावर येतो. एजंटच्या तोंडून ऐकू नका, स्वतः पाहा.
- पर्यावरण कर: १५ वर्षांपुढच्या दुचाकीला पाच वर्षांसाठी २,००० रुपये हा महाराष्ट्रातला २०१० पासूनचा दर आहे. भरण्याआधी चालू आकडा बघा.
- उच्च सुरक्षा नंबरप्लेट: ४५० रुपये आणि जीएसटी, म्हणजे ५३१. परिवहन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच नोंदवा. तसेच दिसणारे खोटे पत्ते बरेच आहेत.
- थर्ड पार्टी विमा: ७५ ते १५० सीसी ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसी १,३६६ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. आरएक्सला सुमारे ८४३, येझदी-बुलेटला सुमारे १,६१२. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा वेगळा. तुमच्या दुसऱ्या गाडीच्या पॉलिसीत तो असेल तर दोनदा घेऊ नका.
- पीयूसी: दुचाकीला साधारण ५० रुपये. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे. कार्ब्युरेटर नीट बसवलेली टू-स्ट्रोक यात पास होते. 'गाडी न आणता पीयूसी देतो' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

परराज्यातली गाडी स्वस्त दिसते. तिला तिथल्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी, इथला कर आणि नवा नंबर लागतो. हे सगळे मिळवून हिशेब केला की स्वस्ताई बहुधा उरत नाही.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला 'व्हिंटेज' नोंदणी मिळते: पहिल्यांदा २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुढे ५,०००. पण अशी गाडी रोज चालवता येत नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. रविवारी लोणावळ्याला जायचे असेल तर साधी नोंदणीच ठेवा.

कोणती गाडी झेपेल

आवडीइतकाच शरीराचा विचार करा. यामाहा आरएक्स १०० (१९८५ ते १९९६) साधारण शंभर किलोची, किक हलकी, पार्ट सगळीकडे. तिच्या किमती मात्र हौसेने फुगलेल्या आहेत. चांगल्या कागदांच्या गाडीला लाखाच्या आसपास सांगतात. आरएक्स १३५ ला शंभरचे स्टिकर लावून विकतात, म्हणून बुकातली सीसी वाचा.

येझदी म्हैसूरच्या आयडियल जावाची. १९९६ ला उत्पादन थांबले. हिच्यात किक आणि गिअरची दांडी एकच. ती आत दाबून मागे फिरवली की किक होते. तो जोड झिजला असेल तर किक घसरते आणि नडगीला लागते. बघायला गेलात की आधी हेच तपासा.

कास्ट आयर्न बुलेट १६० किलोच्या वर. जुन्या गाड्यांना गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. तुमचे पाय तीस वर्षे उलट सवयीचे असतील तर घाईच्या क्षणी ब्रेकच्या जागी गिअर दाबला जातो. किक मारायची पद्धतही वेगळी: चावी लावा, डीकॉम्प्रेसर दाबून किक हळू खाली न्या, अँपिअरचा काटा मध्यावर आला की डीकॉम्प्रेसर सोडा, किक वर घ्या आणि एकदाच पूर्ण मारा. अर्धवट मारली तर किक उलटी येते आणि गुडघा धरतो. गुडघ्याचा किंवा कमरेचा त्रास असेल तर बुलेट बटनस्टार्टचीच बघा, नाहीतर हिरो होंडा सीडी १०० सारखी हलकी फोर-स्ट्रोक घ्या. तिचा खर्चही सर्वांत कमी येतो.

गॅरेजमध्ये काय, किती

१०० सीसी टू-स्ट्रोक धरून हिशेब:

- इंजिन: क्रँकचे काम, रॉड किट, बेअरिंग, सील, बोअर-पिस्टन, मजुरीसह ८ ते १५ हजार
- कार्ब्युरेटर आणि टाकीची सफाई: २ ते ४ हजार
- दोन टायर-ट्यूब: ४ ते ६ हजार
- ब्रेक शू, केबल, कोनसेट, फोर्कचे ऑइल सील, चाकांचे बेअरिंग: ४ ते ७ हजार
- वायरिंग, सीडीआय, बॅटरी: ३ ते ६ हजार
- चेन-स्प्रॉकेट: १,२०० ते २ हजार
- सीट आणि रबर: २ ते ३ हजार
- क्रोम: ५ ते १० हजार
- रंग: ६ ते १२ हजार
- खोलणे-जोडणे: ५ ते १० हजार

सिलिंडर उघडला की मेस्त्रींना पहिला प्रश्न विचारा: 'बोअर कितव्या साइझला आहे?' आरएक्सचा मूळ बोअर ५० मिमी. दर रिबोअरला पाव-पाव मिलिमीटर वाढत तो ५१ पर्यंत जातो. पिस्टनच्या डोक्यावर आकडा ठोकलेला असतो, तो स्वतः वाचा. शेवटच्या साइझला पोहोचला असेल तर नवी स्लीव्ह किंवा दुसरा सिलिंडर लागेल. तो खर्च आधीच धरा. नुसती पिस्टन रिंग बदलून 'चालेल' म्हणणाऱ्याचे ऐकू नका, दोन महिन्यांत तेच इंजिन पुन्हा उघडावे लागते.

टायर घेताना बाजूच्या गोलात शेवटचे चार आकडे पाहा. '२३२४' म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. जुन्या मापाचे टायर दुकानात वर्षानुवर्षे पडून असतात. दिसायला नवे, पण कडक झालेले. ओल्या रस्त्यावर असे टायर धोक्याचे.

पार्टसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार. मशीनवरच्या कामाला कोल्हापूरचे उद्यमनगर. 'कंपनी', 'लोकल' आणि 'जुना ओरिजिनल' असे तीन भाव सांगतील. ब्रेक, केबल, बेअरिंग आणि ऑइल सील यांत लोकल घेऊ नका. आरसे, फूटरेस्ट रबर, बॅजमध्ये लोकल चालेल.

आधी न सांगितले जाणारे खर्च

*अदलाबदल.* हा सर्वांत मोठा तोटा, आणि तो बिलात दिसत नाही. जुना मिकुनी कार्ब्युरेटर, मूळ सिलिंडर, मूळ मीटर यांना बाजारात चांगला भाव आहे. ते काढून लोकल बसवले तर तुम्हाला महिनोन्‌महिने कळणार नाही. गाडी देण्याआधी चारही बाजूंनी आणि प्रत्येक मोठ्या पार्टचा जवळून फोटो काढा, यादीवर गॅरेजची सही घ्या, आणि 'बदललेले सगळे जुने पार्ट गोणीत भरून परत हवेत' हे पहिल्याच दिवशी सांगा.

*पावडर कोटिंग.* चेसिस सँडब्लास्ट करून पावडर कोटिंगला दिली की नंबर घासला जातो किंवा थराखाली बुजतो. मग आरटीओत पेन्सिल प्रिंट निघत नाही. नंबरच्या जागी जाड टेप लावून घ्या, कामगाराला ती जागा स्वतः दाखवा, आणि जमल्यास नूतनीकरण उरकूनच चेसिस द्या.

*'अजून एक निघालं.'* इंजिन उघडल्यावर काही ना काही निघतेच, ते खोटे नसते. म्हणून एकूण अंदाजावर २५ टक्के बाजूला ठेवा. दोन हजारांच्या वरचा प्रत्येक पार्ट विचारून आणि फोटो पाठवूनच घ्यायचा, असे ठरवून द्या.

*ॲडव्हान्स.* एका वेळी तीस टक्क्यांहून जास्त देऊ नका. इंजिन सुरू झाल्यावर दुसरा हप्ता, आरटीओ झाल्यावर तिसरा, रंगानंतर बाकी. सगळे पैसे आधी मिळाले की गाडी कोपऱ्यात जाते आणि तुम्ही फोन करत बसता.

*रंगाचा हंगाम.* पावसाळ्यात रंग देऊ नका. दमटपणात तो धुरकट होतो आणि नंतर फुगतो. दसरा-दिवाळीला पेंटर गर्दीत असतात. दिवाळीनंतर सुरुवात केली तर मार्चपर्यंत गाडी हातात येते.

*पेट्रोल.* आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचे सील फुगवते, ओलावा धरते आणि टाकीला आतून गंज आणते. इंधनाच्या सगळ्या नळ्या नव्याच टाका. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा करा. टाकीला भोक असेल तर ब्रेझिंग करून घ्या. आतून द्रव ओतून भोक बुजवण्याचा उपाय काही दिवसांचाच.

हे शॉर्टकट घेऊ नका

लिलावातली किंवा भंगारातली गाडी घेऊन दुसऱ्या गाडीचे बुक तिला लावणे: हा गुन्हा आहे. रद्द झालेली नोंदणी पुन्हा जिवंत होत नाही.

'बुक हरवलंय, नंतर देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. हरवल्याची पोलिसांतली नोंद आणि फॉर्म २६ वर दुय्यम आरसी हे विकणाऱ्याचे काम. फॉर्म २९ वर मालकाची सही नसेल तर व्यवहार नाहीच.

दुसरे इंजिन बसवणे, रंग बदलणे, चेसिस कापणे हे सारे आरटीओच्या परवानगीशिवाय चालत नाही. बदलांसाठी दंड ५,००० रुपयांपर्यंत, तोही प्रत्येक बदलाला, आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावू नका. पुण्यात पोलिसांनी असे सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडले आहेत.

चालवायला लागताना

हेल्मेटवर आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ हा क्रमांक पाहा. दीड ते साडेतीन हजारांत चांगले मिळते. जुने हेल्मेट माळ्यावर असेल तर ते वापरू नका, आतला फोम कडक झालेला असतो. हातमोजे, जाड जॅकेट आणि घोटा झाकणारे बूट मिळून पाच-सहा हजार. हा खर्च क्रोमच्या आधीचा.

जुन्या गाडीला ड्रम ब्रेक. ते आजच्या डिस्कसारखे जागेवर थांबवत नाहीत आणि दोन्ही ब्रेक एकदम वापरावे लागतात. पहिले दोन रविवार सकाळी मोकळ्या मैदानात घाला: थांबणे, वळणे, चढावर क्लच सोडणे. मग गल्ली, मग शहर, आणि घाटाचा रस्ता त्यानंतरच. मागे कुणाला बसवण्याची घाई नको.

बोअर-पिस्टन नवे असेल तर पहिले ५०० किमी जोर देऊ नका, एकाच वेगाने लांब जाऊ नका, दर वीस-पंचवीस मिनिटांनी थांबा. आरएक्सला ऑइल पंप आहे. मेस्त्रींनी तो बंद केला असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. गाडी घेताना हे विचारलेच पाहिजे. पंप बंद आणि ऑइलही नाही, अशी गाडी थोड्याच अंतरात जाम होते, आणि चालत्या गाडीचे मागचे चाक अडकते. ५०० किमी झाल्यावर गाडी गॅरेजला परत नेऊन सगळे बोल्ट आवळून घ्या, चेन आणि ब्रेक सेट करा. ही पहिली सर्व्हिस फुकट मिळेल, हे बिलावर आधीच लिहून घ्या.

आणि एक आकडा आजच कागदावर लिहा: याच्यापुढे एक रुपयाही घालणार नाही, असा. घरच्यांना तो सांगा. कागद अडले, चेसिसला तडा निघाला किंवा खर्च त्या आकड्याला टेकला, तर ती गाडी सोडा आणि चांगल्या कागदांची दुसरी शोधा. सुरक्षित थांबणारी, नावावर असलेली, रंग उडालेली गाडी तुम्हाला पुढची दहा वर्षे फिरवेल. रंग पुढच्या वर्षीही देता येतो.